टाक्यांऐवजी रक्तापासून केलेला गोंद: आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला घ्यावा का?

तंबाखूपट्टा (निपाणी)

नमस्कार मंडळी. आईच्या उजव्या डोळ्यात नाकाच्या बाजूनं मांस वाढत वाढत बुबुळावर चढलंय. वय ६३. सगळा जन्म रानात गेला, आधी तंबाखू, आता ऊस आणि सोयाबीन. डोक्यावरचा पदर सोडला तर उन्हाला दुसरा आडोसा नाही. गेल्या वर्षापर्यंत नुसती लाली आणि टोचणी होती, आता नजरेच्या आड यायला लागलंय म्हणून बेळगावात दाखवलं. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय. वाढलेलं मांस काढायचं आणि वरच्या पापणीखालचा पातळ पापुद्रा घेऊन त्या जागी लावायचा. इथवर समजलं.

घोडं पुढं अडलंय. तो पापुद्रा बसवायला टाके, नाहीतर 'फायब्रिन ग्लू'. ग्लूचे सात-आठ हजार वेगळे. काउंटरवरच्या मुलीनं संमतीपत्र पुढं सरकवलं, एका बाजूला कन्नड, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. आईला दोन्ही येत नाही. मला कन्नड बोलायला येतंय, पण छापील कायद्याचं कन्नड म्हणजे डोक्यावरून जातंय. इंग्रजी बाजूला बारीक अक्षरात दिसलं की हा गोंद माणसाच्या रक्तापासून केलेला आहे. कुणाच्या रक्तापासून, असं विचारलं तर म्हणाली, "कंपनीचं असतंय सर."

आई माळकरी आहे. तिनं ऐकलं आणि तिथंच बसली. "कुणाचं रक्त ते आधी नीट विचार." सही न करता आलो. आता इथल्या जाणत्यांनी सांगा. हे फायब्रिन म्हणजे नक्की काय? रक्तातून रोग यायची भीती किती? आणि टाक्यांनी भागत असेल तर हा खर्च करावा का?

शंकेखोर (शहापूर, बेळगाव)

माझ्या वडिलांचं हेच ऑपरेशन टाक्यांनी झालं. काही झालं नाही, अजून पेपर वाचतात. सात-आठ हजारांचा गोंद म्हणजे बिल फुगवायचा उद्योग. वर परक्या माणसाच्या रक्ताचा! कावीळ, एचआयव्ही कुणी बघायचं? टाके घाला आणि मोकळे व्हा.

जाता जाता: संमतीपत्र मराठीत का नाही, हे विचारायचं धाडस कुणी करत नाही बघा. याच्यासाठीच आपण इतकी वर्षं...

संपादक

शंकेखोर, सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे आणि तिथं तुमचेच प्रतिसाद सगळ्यात जास्त आहेत. इथं डोळ्याचं चालू द्या.

नेत्रवैद्य (टिळकवाडी)

मी दोन्ही पद्धतींनी ऑपरेशन करतो, त्यामुळं कुणा एकाची बाजू घ्यायचं कारण नाही.

या आजाराला टेरिजियम म्हणतात. ऊन, वारा, धूळ यांत आयुष्य गेलेल्यांना जास्त होतो, आपल्या भागात शेतावरच्या बायकांत भरपूर दिसतो. नुसतं मांस छाटलं आणि जागा उघडी ठेवली तर ते परत वाढण्याचं प्रमाण फार मोठं आहे. म्हणून पापुद्रा लावायचा. तेव्हा पहिली गोष्ट ही की कुणी "छाटून टाकू, पापुद्रा-बिपुद्रा नको, स्वस्तात होईल" म्हणालं तर तिथून उठून या. टाके की गोंद हा प्रश्न त्याच्या नंतरचा.

टाके केसापेक्षा बारीक असतात, पण त्यांची टोकं पापणीला घासतात. दहा-पंधरा दिवस डोळ्यात खडा गेल्यासारखं वाटतं, पाणी येतं, आणि माणूस नको म्हणताना डोळा चोळतो. गोंदानं हा त्रास बराच कमी होतो, ऑपरेशनही लवकर उरकतं. दोन्ही पद्धतींची तुलना करणारे जे अभ्यास झालेत त्यांत गोंद वापरलेल्यांमध्ये मांस परत येण्याचं प्रमाण टाक्यांपेक्षा कमी निघालं. उलट बाजूही सांगतो: पापुद्रा सरकणं, कडेनं सुटणं हे गोंदात थोडं जास्त होतं. म्हणजे गोंद घेतला की पहिले काही दिवस डोळ्याला हात लावायचा नाही, हे आईंना बजावून सांगावं लागेल.

गोंद कसा असतो? बाजारात मिळणाऱ्या एपॉक्सीच्या दोन ट्यूब असतात ना, एकत्र केल्या की घट्ट होतात, तसा. एका बाटलीत फायब्रिनोजेन, दुसरीत थ्रॉम्बिन आणि कॅल्शियम. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर दोन्ही एकत्र आले की सेकंदांत फायब्रिनचं जाळं तयार होतं आणि पापुद्रा चिकटतो. थ्रॉम्बिन पातळ केलं तर सेट व्हायला जास्त वेळ लागतो, तेवढ्यात पापुद्रा हलवून नीट बसवता येतो. आठ-पंधरा दिवसांत शरीर ते जाळं स्वतःच विरघळवून टाकतं, तोवर खालचं मूळ धरलेलं असतं.

तंबाखूपट्टा, आई माळकरी आहेत म्हणालात म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो, बहुतेक ठिकाणी ती कुणी आपणहून सांगत नाही. जाळं लवकर विरघळू नये म्हणून बऱ्याच किटमध्ये अ‍ॅप्रोटिनिन नावाचं द्रव्य घातलेलं असतं. काही कंपन्यांचं ते गाईगुरांच्या फुफ्फुसातून काढलेलं असतं, काहींचं कृत्रिम असतं, आणि काही किटमध्ये नसतंच. खोक्यातल्या माहितीपत्रकावर लिहिलेलं असतं. गुरांचं अ‍ॅप्रोटिनिन ज्यांना आधी दिलं गेलंय त्यांना दुसऱ्या वेळी अ‍ॅलर्जी येण्याची शक्यता वाढते, तेव्हा माळ असो नसो, हे विचारायलाच हवं.

संमतीपत्राचं म्हणाल तर ते मराठीत वाचून दाखवा म्हणावं. बेळगावातल्या निम्म्या सिस्टर घरी मराठीच बोलतात.

तंबाखूपट्टा (निपाणी)

डॉक्टरसाहेब, उपकार झाले. आईला वाचून दाखवलं. तिचं म्हणणं असं: "माणसाचं रक्त चालतंय. माणूस माणसाला देतोय त्यात काय वाईट? गाईचं मात्र माझ्या डोळ्यात नको." एका वाक्यात निकाल. मी तीन दिवस नेटवर शोधत बसलो होतो.

पण "कुणाच्या रक्ताचा" हा प्रश्न तसाच आहे.

रक्तपेढीवाला (बेळगाव)

याचं उत्तर मी देतो, रोजचं काम हेच आहे. लांबेल, चहा घेऊन बसा.

फायब्रिनोजेन हे तुमच्या-माझ्या यकृतात तयार होणारं प्रथिन. १०० मिली प्लाझ्मात (रक्तातल्या पेशी काढल्यावर उरणारा पाणीदार भाग) २०० ते ४०० मिलिग्रॅम असतं आणि पूर्ण विरघळलेलं असतं, म्हणून रक्त वाहतं. कुठं कापलं की थ्रॉम्बिन तयार होतं. ते या प्रथिनाचे दोन छोटे तुकडे छाटतं, आणि उरलेले रेणू एकमेकांना टोकाला टोक लावून धागे होतात. हेच फायब्रिन. सुरुवातीला हे धागे कच्चे असतात. फॅक्टर १३ नावाचं द्रव्य त्यांना आडवे बांध घालतं, तेव्हा कुठं गुठळी टिकाऊ होते. मालपिगीनं १६६६ साली रक्ताची गुठळी पाण्यात धुऊन बघितली आणि खाली राहिलेले पांढरे तंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. आम्ही शिकाऊ मुलांना आजही काचेच्या काडीनं ताजं रक्त ढवळून दाखवतो. काडीला पांढरट, रबरासारखा गुंता चिकटून वर येतो. एकदा बोटांत ताणून बघा, विसरणार नाही. दुप्पट लांब होतं तरी तुटत नाही.

आता गोंदातलं रक्त कुणाचं? एकाचं नाही, हजारो दात्यांचं. त्यांचा प्लाझ्मा कारखान्यात एकत्र करून त्यातली प्रथिनं वेगळी काढतात. दुसऱ्या महायुद्धात हार्वर्डमध्ये एडविन कोन यानं ही पद्धत बसवली. मुख्य हेतू सैनिकांसाठी अल्ब्युमिन हा होता, पण त्याच्या वाटणीत पहिला जो भाग खाली बसायचा त्यात फायब्रिनोजेन असायचं. आपल्याकडेही रक्तपेढ्यांत जास्तीचा ठरलेला प्लाझ्मा अशा कारखान्यांना देण्याची सोय आहे. म्हणजे शिवजयंतीला मंडळाच्या शिबिरात तुम्ही दिलेल्या रक्तातला प्लाझ्मा कुठल्या तरी बाटलीत गेलेला असू शकतो.

शंकेखोर, तुमची काविळीची भीती उगाच नाही. याच कारणानं अमेरिकेनं १९७८ च्या सुमारास एकत्र केलेल्या प्लाझ्मापासूनच्या फायब्रिनोजेनची परवानगी काढून घेतली होती. व्हिएन्नात मात्र १९७२ मध्ये हेलेन मात्रास यांनी तुटलेले मज्जातंतू फायब्रिननं जोडून दाखवले होते आणि युरोपात सत्तरीच्या अखेरीस तयार गोंद विकायलाही आला. अमेरिकेत परवानगी मिळायला १९९८ उजाडलं. मधल्या काळात विषाणू मारायच्या पद्धती सुधारल्या. आता दात्याची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सी तपासणी होते, वर उष्णता किंवा रसायनांचा मारा, काही ठिकाणी अतिसूक्ष्म गाळणी. या तीन विषाणूंचा धोका त्यामुळं फारच खाली आलाय. शून्य मी म्हणणार नाही, कंपनीसुद्धा पत्रकात म्हणत नाही. पार्व्होसारखे काही विषाणू रसायनांना दाद देत नाहीत, म्हणून गरोदर बाई किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेला पेशंट असेल तर डॉक्टर जास्त विचार करतात. ६३ वर्षांच्या धडधाकट बाईंना डोळ्यात दोन थेंब लावायचेत, तिथं मी स्वतः घाबरलो नसतो.

तिसरा पर्याय नेत्रवैद्यांनी सांगितला नाही: आईंचं स्वतःचं रक्त. पापुद्रा ठेवायच्या जागी जे थोडं रक्त झिरपतं त्याच्याच गुठळीवर तो चिकटवायचा. ना टाके, ना किट. काही डॉक्टर करतात.

नेत्रवैद्य (टिळकवाडी)

करतात, मीही केलंय. पण तिथं दाबून धरून बराच वेळ थांबावं लागतं, आणि पापुद्रा सरकायची शक्यता तयार गोंदापेक्षा जास्त. झिरपणाऱ्या रक्तातलं फायब्रिनोजेन बाटलीतल्यापेक्षा कितीतरी पातळ, हे उघड आहे. पैशाची अडचण असेल आणि पेशंट हात न लावता राहणारा असेल तर चांगला पर्याय आहे.

कट्ट्यावरचा (चिकोडी)

भोळा प्रश्न. करोनात आमच्या मामांची दर दोन दिवसांनी 'डी-डायमर' करत होते. ते यातलंच का?

रक्तपेढीवाला (बेळगाव)

यातलंच. फॅक्टर १३ नं बांधलेलं जाळं शरीर जेव्हा तोडतं तेव्हा पडणारा तुकडा म्हणजे डी-डायमर. तो वाढलेला म्हणजे अंगात कुठंतरी गुठळ्या होऊन विरघळतायत. पण बाळंतीण, ऑपरेशन झालेला, जंतुसंसर्ग झालेला, म्हातारा माणूस, सगळ्यांतच वाढतो. त्यामुळं नॉर्मल आला तर त्याचा खरा उपयोग, वाढलेला आला तर पुढचा तपास करावा लागतो. करोनात लोक नुसत्या आकड्याला घाबरून अर्धे झाले होते.

रानगडी (खानापूर)

फायब्रिनोजेनचं नाव निघालं आणि सापाचं कुणी काढलं नाही? मग मी आहेच की वो.

साप धरून रानात सोडायचं काम करतो, सोबत सरकारी दवाखान्यात पेशंट पोचवायचंही. आमच्या भागात घोणस चावलेल्याला नेमकं काय होतंय ते सांगतो. घोणशीचं विष रक्तात गेलं की गोठायची साखळी मध्येच पेटवून देतंय (फॅक्टर ५ आणि १० वर काम करतंय, असं डॉक्टरांनी मला समजावलं). थ्रॉम्बिनचा पूर येतोय आणि अंगातलं होतं-नव्हतं तेवढं फायब्रिनोजेन त्यात खर्ची पडतंय. नंतर रक्त गोठवायला काही शिल्लकच नाही. मग हिरड्यांतून, सुई टोचलेल्या जागेतून, लघवीतून रक्त.

हे ओळखायला मोठी लॅब लागत नाही. काचेची स्वच्छ, कोरडी, नवी परीक्षानळी घ्यायची. शिरेतून काढलेलं २ मिली ताजं रक्त त्यात घालून २० मिनिटं कुणीही हात न लावता उभी ठेवायची. २० मिनिटांनी एकदाच आडवी करायची. रक्त वाहिलं तर फायब्रिनोजेन संपलंय, लस (म्हणजे प्रतिविष) सुरू करा. नळी काचेचीच पाहिजे, प्लास्टिकची चालत नाही, कारण काचेला लागूनच गोठायची क्रिया सुरू होतीय. साबणानं धुतलेलीही चालत नाही. एकदा एका आरोग्य केंद्रात (नाव नको) प्लास्टिकच्याच नळ्या होत्या. रक्त गोठलं नाही म्हणून सगळे घाबरले. मी जाऊन शेजारच्या लॅबमधनं काचेची आणली, त्यात व्यवस्थित गोठलं. साप बिनविषारी होता, धामण.

आणखी एक. नातेवाईक म्हणतात, रक्त कमी पडलंय तर रक्ताच्या पिशव्या चढवा. विष अंगात आहे तोवर वरून दिलेलं फायब्रिनोजेनही ते खाऊन टाकतंय. आधी प्रतिविष, त्यानं विष निकामी झालं की यकृत नवीन फायब्रिनोजेन करायला लागतंय. म्हणून लस दिल्यावर सहा तासांनी तीच नळीची चाचणी परत करतात. तोवर कंबरेवर-दंडावर इंजेक्शन मारून घ्यायचं नाही, आतल्या आत रक्त साकळून टेंगूळ येतंय. आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, हे काय नव्यानं सांगायला नको.

जांबोटी, कणकुंबीकडच्यांना वेगळं सांगतो. आपल्याकडं मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर आहे. रानातल्या चापड्याच्या विषासाठी ती बनवलेली नाही. म्हणून शक्य झालं तर लांबनं फोटो काढा, साप मारून पिशवीत घालून आणू नका.

आता गंमत. १९३४ साली लंडनमध्ये मॅकफार्लेन नावाचा डॉक्टर आणि तिथल्या प्राणिसंग्रहालयात सरपटणाऱ्या प्राण्यांचा विभाग बघणारा बार्नेट, दोघांनी मिळून ह्याच घोणशीचं विष अगदी पातळ करून हिमोफिलियाच्या (रक्त नीट न गोठण्याचा जन्मजात आजार) पेशंटचं रक्त थांबवायला वापरलं. दात काढल्यावर त्या जागी लावायला. घोणशीचं पातळ विष अजूनही लॅबमध्ये एका चाचणीला वापरतात, रक्तपेढीवाल्यांना ठाऊक असंल.

रक्तपेढीवाला (बेळगाव)

ठाऊक आहे. वारंवार गर्भपात होणाऱ्या किंवा तरुण वयात गुठळ्या होणाऱ्या पेशंटमध्ये ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट (गुठळ्या वाढवणारी प्रतिपिंडं) शोधायला ती करतात. फुरशाच्या विषातलं इकॅरिनही प्रयोगशाळेत वापरतात. रानगडी, तुमच्या प्रतिसादाची प्रिंट काढून नवीन मुलांना देणार आहे.

शंकेखोर (शहापूर, बेळगाव)

रानगडीसाहेब, जबरदस्त. पण मूळ प्रश्न डोळ्याचा होता म्हणे, संपादकांनी मलाच तेवढं दटावलं.

सिस्टरबाई (हुक्केरी तालुका, निवृत्त)

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरी केली, बाळंतपणं पुष्कळ बघितली. घोणशीनं जे होतं तेच बाळंतपणात होताना पाहिलंय म्हणून लिहिते.

गरोदरपणात शेवटच्या महिन्यांत बाईचं फायब्रिनोजेन (१०० मिली प्लाझ्मात) वाढून ४०० ते ६०० मिलिग्रॅमपर्यंत जातं. शरीरानं केलेली तयारीच ती. त्यामुळं साध्या माणसाला नॉर्मल असणारा २०० चा आकडा बाळंतिणीत आला तर तो धोक्याचा, पुढं फार रक्तस्राव होणार याची खूण. लॅबच्या कागदावर मात्र 'नॉर्मल' छापून येतं! नवीन डॉक्टर पोरं कधी कधी तिथं फसतात. वार आधीच सुटली, पोटात मूल दगावून बरेच दिवस राहिलं, अशा वेळी तर फायब्रिनोजेन झपाट्यानं उतरतं. आमच्याकडं रात्री लॅब नसायची. मग हीच काचेची नळी, हीच घड्याळात बघत काढलेली मिनिटं. नळी आडवी केली आणि रक्त सरळ वाहत गेलं, की गाडी बोलवायची, बाई बेळगावला.

पण एक लक्षात ठेवा. वार पडल्यावर गर्भपिशवी आवळली पाहिजे, ते पहिलं. नुसत्या गुठळीच्या भरवशावर तो स्राव थांबत नाही. आपल्या बेळगाव जिल्ह्यातच याचा एक मोठा अभ्यास झाला होता, २००६ साली लॅन्सेट मासिकात आला. खेड्यातल्या १,६२० बायका घेतल्या. निम्म्यांना बाळंत झाल्यावर मिसोप्रोस्टॉलच्या (गर्भपिशवी आवळणाऱ्या) गोळ्या, निम्म्यांना नुसत्या दिसायला तशाच. जास्त रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर आलं. आणि गोळ्या देणाऱ्या कोण? आमच्यासारख्या एएनएम, म्हणजे खेड्यातल्या सिस्टर. रक्त किती गेलं हे डोळ्यांनी अंदाजानं न सांगता मोजायला त्यांनी खुणा केलेली प्लास्टिकची पिशवी बाईच्या खाली अंथरायची पद्धत आणली. ती पिशवी आल्यावर कळलं की आपण सगळ्या आधी किती कमी धरत होतो.

आता दुसरं औषध आलंय, ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड. जपानात शोसुके आणि उताको ओकामोतो या नवरा-बायकोनं १९६२ च्या सुमारास शोधलेलं. ते नवीन गुठळी करत नाही, झालेलं फायब्रिनचं जाळं विरघळू देत नाही. २०१७ मध्ये वीस हजारांवर बाळंतिणींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तीन तासांच्या आत दिलं तर रक्तस्रावानं होणारे मृत्यू कमी होतात. उशिरा देऊन उपयोग नाही. स्वस्त आहे, म्हणून शंकेखोरांनाही चालेल.

चिकोडीची_सून

सिस्टर, तुम्हालाच विचारते. माझ्या नणंदेचं बाळ, जन्मल्यावर नाळ पडली त्या जागेतून आठवडाभर थेंब थेंब रक्त येत होतं. लग्न मामाच्या मुलाशी झालंय. पीटी, एपीटीटी नावाच्या (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघणाऱ्या) तपासण्या नॉर्मल आल्या म्हणून घरी पाठवलं. आता बाळ सहा महिन्यांचं आहे, रांगताना जरा आपटलं की काळानिळा डाग पडतो. मोठी माणसं म्हणतात उष्णता आहे.

सिस्टरबाई (हुक्केरी तालुका, निवृत्त)

बाळा, उष्णता नाही. उद्याच बालरोगतज्ज्ञाकडं न्या, जमलं तर रक्तविकार बघणाऱ्याकडं. बाकी रक्तपेढीवाले सांगतील, मला त्यातलं पक्कं येत नाही.

रक्तपेढीवाला (बेळगाव)

ताई, इथं निदान होत नाही, पण कोणती तपासणी मागायची ते सांगतो. तान्ह्या बाळात रक्त येण्याचं जास्त आढळणारं कारण व्हिटॅमिन के कमी असणं, पण त्यात पीटी बिघडते. फायब्रिनोजेन अजिबात नसण्याचा जन्मजात आजार असतो, फार दुर्मीळ, त्यात पीटी आणि एपीटीटी दोन्ही बिघडतात. दोन्ही नॉर्मल आणि तरी नाळेतून रक्त, असं असलं की फॅक्टर १३ आठवायचा. वर लिहिलं होतं ना, कच्च्या धाग्यांना बांध घालणारा? तो नसला तर गुठळी वेळेवर होते, म्हणून तपासण्या नॉर्मल येतात. पण ती टिकत नाही, उसवते. जुनी साधी चाचणी अशी: गुठळी तीव्र युरियाच्या द्रावणात घालायची. धडधाकट माणसाची तशीच राहते, यांची विरघळून जाते.

हे आजार आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आलं तर होतात, म्हणून मामेबहीण-आतेभाऊ, मामा-भाची अशा लग्नांत जास्त दिसतात. आपल्या भागात अशी लग्नं किती होतात ते तुम्ही जाणताच. कुणाला दोष द्यायचा नाही, पण डॉक्टरांना नातं मुद्दाम सांगा, ते विचारतीलच असं नाही.

घाई का म्हणतो, तर या आजारात डोक्यात रक्तस्राव होण्याची भीती असते. आणि उपाय आहे. फॅक्टर १३ शरीरात आठवडा-दीड आठवडा टिकतो, त्यामुळं साधारण महिन्यातून एकदा दिला तरी चालतं. तयार औषध मिळालं नाही तर क्रायो. क्रायो म्हणजे आमच्याकडची छोटी पिशवी. गोठवलेला प्लाझ्मा फ्रिजच्या थंडीत सावकाश वितळवला की तळाशी पांढरट साका बसतो. फायब्रिनोजेन, फॅक्टर ८, फॅक्टर १३ त्यात असतात. स्टॅनफर्डच्या ज्युडिथ पूल यांनी १९६४ मध्ये हे ओळखलं, तोवर हिमोफिलियाच्या पोरांना लिटरभर प्लाझ्मा चढवायला लागायचा. एका पिशवीत निदान १५० मिलिग्रॅम फायब्रिनोजेन, उणे ३० अंशांना वर्षभर टिकते, पण एकदा वितळवली की सहा तासांत द्यायची. म्हणून आधी फोन करून या, येऊन बसू नका.

चिकोडीची_सून

नंबर लावलाय. नणंदेला हे सगळं फोनवर वाचून दाखवलं. धन्यवाद.

दंतमंजन (अनगोळ)

दातांच्या डॉक्टरचा छोटा प्रतिसाद. अक्कलदाढ काढल्यावर किंवा इम्प्लांट करताना आम्ही पेशंटचंच रक्त काढून लगेच सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतो, गोठू नये म्हणून घालतात ते औषध न घालता. मधे फायब्रिनचा पिवळट लगदा तयार होतो, तो खड्ड्यात भरतो. पीआरएफ म्हणतात, फ्रान्समध्ये शुक्रून यांनी २००१ मध्ये पुढं आणलं. खड्डा भरून यायला, दुखणं कमी व्हायला मदत होते. पण आता काही ठिकाणी हेच केसांना, चेहऱ्याला, गुडघ्याला, वाटेल तिथं टोचून भरमसाट पैसे घेतात. तिथं मात्र शंकेखोरांशी सहमत.

तंबाखूपट्टा (निपाणी)

काल परत जाऊन आलो. या वेळी प्रश्न कागदावर लिहून नेले होते. डॉक्टरांनी खोकं मागवून माहितीपत्रक दाखवलं. त्यांच्याकडच्या किटमध्ये अ‍ॅप्रोटिनिन गुरांचंच निघालं. दुसऱ्या कंपनीचं मागवतो म्हणाले, आठ दिवस लागतील, दर थोडा जास्त. स्वतःच्या रक्ताचा पर्यायही विचारला. म्हणाले, "आजी डोळा चोळतात का?" आई शेजारी बसून चोळतच होती. तो विषय तिथंच संपला.

तर दुसऱ्या कंपनीचं किट ठरलंय. नंतर काय सांभाळायचं तेवढं कुणी सांगा.

नेत्रवैद्य (टिळकवाडी)

पट्टी सांगतील तोवर काढायची नाही. थेंब दिलेल्या वेळेला, आणि ते आपल्या मनानं बंद करायचे नाहीत, हळूहळू कमी करत आणतात. पहिला आठवडा डोक्यावरून अंघोळ नको, चुलीपुढं बसणं नको, झोपताना डोळ्यावर प्लास्टिकचं कवच. पापुद्र्याची कड उचलल्यासारखी दिसली किंवा एकदम दुखायला लागलं तर तपासणीच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी या.

ऊस तुटायला लागायच्या आत उरकून घ्या. पाचट पेटवल्यावरचा धूर आणि उडणारी कुसळं या डोळ्याला झेपणार नाहीत. आणि रानात जाताना काळा चष्मा आणि टोपी, दोन्ही, कायमचं. पदर पुरत नाही.

तंबाखूपट्टा (निपाणी)

चष्म्याला तयार आहे. टोपीला नाही म्हणते. बघतो काय करता येतंय.